प्रश्न जिथला, अभ्यासकही तिथला

सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात रुग्ण म्हणजे एक माणूस नसतो. अख्खे गाव, अख्खी वस्ती, कधी कधी अख्खा जिल्हा रुग्ण असतो. दवाखान्यातला डॉक्टर समोर बसलेल्या माणसाला काय झाले आहे ते शोधतो. इथे शोध घ्यायचा असतो तो दवाखान्याची पायरीही न चढलेल्यांचा: गेल्या वर्षी गावात किती बाळे जन्मली, त्यांतली किती पहिल्या महिन्यातच गेली, कशाने गेली आणि काय केले असते तर वाचली असती. यातले एकही उत्तर केसपेपरवर सापडत नाही. घरोघर जाऊन, मोजून, पडताळून ते काढावे लागते. त्यासाठी नेमका प्रश्न मांडता यावा लागतो, नमुना निवडता यावा लागतो, माहिती गोळा करणाऱ्यांना शिकवावे आणि तपासावे लागते, आकड्यांचा अर्थ लावावा लागतो, आणि शेवटी सगळे अशा रीतीने लिहावे लागते की हजारो मैलांवरच्या अनोळखी वाचकालाही ते पारखता येईल. वैद्यकीय पदवीच्या अभ्यासात यातले थोडेच येते, आणि तेही बहुधा परीक्षेपुरते.

ज्या देशांत असे प्रश्न सर्वांत जास्त, तिथेच ते सोडवणारी माणसे सर्वांत कमी, हे १९९० साली एका स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाने आकड्यांनिशी दाखवून दिले. ‘कमिशन ऑन हेल्थ रिसर्च फॉर डेव्हलपमेंट’ हे त्याचे नाव. टाळता येण्याजोग्या अकाली मृत्यूंचा सुमारे ९३ टक्के भार विकसनशील देशांवर होता. जगभरातल्या आरोग्य संशोधनाच्या खर्चापैकी त्या देशांच्या खास प्रश्नांवर खर्च होत होते जेमतेम ५ टक्के. प्रत्येक विकसनशील देशाने आपल्या आरोग्यखर्चातले किमान २ टक्के संशोधनावर आणि संशोधक घडवण्यावर खर्च करावेत, आणि मदत देणाऱ्या संस्थांनी आरोग्य प्रकल्पांच्या निधीतले ५ टक्के त्याच कामासाठी राखावेत, अशी आयोगाची शिफारस होती. बहुतेक देशांत ती कागदावरच राहिली.

पैशाइतकाच महत्त्वाचा मुद्दा होता प्रश्न कोण विचारतो हा. श्रीमंत देशातले पथक येते, रक्ताचे नमुने आणि प्रश्नावल्या भरून नेते, विश्लेषण आपल्या विद्यापीठात करते, निबंध आपल्या नावाने छापते; गावाला निष्कर्ष कळत नाही आणि स्थानिक डॉक्टरचे नाव फार तर आभाराच्या ओळीत येते. या पद्धतीला संशोधकांनीच ‘पॅराशूट संशोधन’ असे नाव दिले. यात माहिती बाहेर जाते हे नुकसान तर आहेच, पण त्याहून मोठे नुकसान असे की काम करता करता शिकण्याची संधीही बाहेर जाते. संशोधन हे सुतारकामासारखे हातात बसणारे काम आहे. लाकूड इथले आणि रंधा मारणारा परका असेल, तर इथे कारागीर तयार होत नाही.

याच्या उलट चित्र १९५६ साली मद्रासमध्ये दिसले. भारतात तेव्हा क्षयरुग्ण लाखांनी होते आणि सॅनेटोरियमच्या खाटा काही हजार. नवी औषधे आली होती, पण रुग्णाला महिनोन्महिने विश्रांती, उत्तम आहार आणि मोकळी हवा दिल्याशिवाय ती लागू पडतील का, याबद्दल जगभरच्या तज्ज्ञांना शंका होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून शहरात क्षयरोग औषधोपचार केंद्र उघडले. पहिली पाच वर्षे त्याची सूत्रे ब्रिटनचे वॉलेस फॉक्स यांच्याकडे होती. जवळपास दोनशे गरीब रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली. निम्मे सॅनेटोरियममध्ये गेले, निम्मे आपल्या दाटीवाटीच्या घरातच राहिले; दोन्ही गटांना वर्षभर तीच औषधे दिली. केंद्रातली माणसे घरी अचानक जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध खरोखर पोटात गेले आहे का ते पाहत. घरच्या रुग्णांचे जेवण निकृष्ट होते, विश्रांती कमी आणि काम जास्त होते. तरीही ते जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले, आणि पुढे त्यांच्या घरच्यांना क्षयाची बाधा होण्याचा धोकाही वाढलेला आढळला नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि क्षयावर घरी राहून उपचार घेण्याची पद्धत जगभर रुजली.

संशोधनक्षमतेच्या दृष्टीने या केंद्राची पुढची वाटचाल जास्त शिकवते. ते पाच वर्षांच्या बोलीवर सुरू झाले होते. बोली संपल्यावर ते बंद पडले असते, तर निबंध उरले असते आणि माणसे पांगली असती. पण १९६४ साली भारतीय परिषदेने त्याला कायमची संस्था केले. घरोघर फिरणारे कार्यकर्ते, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ यांना तिथे नोकरी मिळाली, नोकरीत वर चढण्याची वाट मिळाली, आणि जुन्यांच्या हाताखाली नवे शिकू लागले. आज चेन्नईतली राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून तीच ओळखली जाते.

ढाक्याची गोष्टही अशीच, फक्त अधिक लांबलेली. १९६० साली तिथे सीटो या लष्करी कराराच्या छत्राखाली कॉलरा संशोधन प्रयोगशाळा निघाली. वरची माणसे बहुतेक अमेरिकी होती. १९६३ साली तिने मतलब या नदीनाल्यांनी वेढलेल्या ग्रामीण भागात क्षेत्रकेंद्र उघडले आणि १९६६ पासून तिथल्या प्रत्येक घरातला जन्म, मृत्यू आणि स्थलांतर नोंदवायला सुरुवात केली. मूळ हेतू कॉलऱ्याच्या लसीची चाचणी घेण्याचा होता. ती लस फारशी उपयोगी ठरली नाही, पण नोंदवही चालू राहिली आणि तीच मतलबची खरी मिळकत ठरली. लोकसंख्या नेमकी ठाऊक असली की कुटुंबनियोजन, धनुर्वात, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू असा कोणताही प्रश्न हाती घेता येतो. ज्या तरुण डॉक्टराला किंवा संख्याशास्त्राच्या पदवीधराला आधी पाच वर्षे माहिती जमवण्यात घालवावी लागली असती, त्याला तयार पायावर बांधकाम करता येते. पुणे जिल्ह्यात वढू इथे केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राने २००२ पासून याच पद्धतीची नोंदणी चालवली आहे. अशा केंद्रांचे ‘इंडेप्थ’ नावाचे जाळे १९९८ साली उभे राहिले, आणि त्याचे मुख्यालय घानाची राजधानी अक्रा इथे ठेवले गेले.

ढाक्याच्याच प्रयोगशाळेतून १९६८ साली तोंडाने द्यायच्या क्षारपाण्याची चाचणी पुढे आली. कॉलऱ्याच्या रुग्णाला साखर-मिठाचे योग्य मिश्रण पाजले तर शिरेतून द्यायच्या सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते, असे तिने दाखवले. या शोधाबरोबर डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश ही नावे घेतली जातात, आणि ती रास्तच आहेत. त्या निबंधावर रफिकुल इस्लाम आणि माजिद मोल्ला ही दोन बंगाली नावेही होती. ती फार कमी ठिकाणी उच्चारली जातात. तीन वर्षांनी बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये लोटले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आले. कोलकात्याच्या संशोधन केंद्रात या उपचारावर आधीपासून काम करणारे दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून क्षारपाणी ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातलगांवर सोपवले. मृत्युदर सुमारे ३० टक्के होता, तो ३.६ टक्क्यांवर आला. अशा धांदलीतही त्यांनी नोंदी ठेवल्या, म्हणून ते जगाला दाखवता आले. नुसता चांगला डॉक्टर आणि संशोधनात मुरलेला डॉक्टर यांतला फरक इथे लख्ख दिसतो. दोघांनीही जीव वाचवले असते. दुसऱ्याच्या वहीमुळे पुढे लाखो वाचले.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत समृद्ध उदाहरण गडचिरोलीचे आहे. अभय आणि राणी बंग यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाहेर शिकून परतणारे अनेक असतात. पण शिकलेली पद्धत घेऊन ते बहुधा राजधानीत किंवा मोठ्या महाविद्यालयात बसतात. इथे ती पद्धत थेट त्या काळच्या सर्वांत मागास जिल्ह्यांपैकी एकात उतरली.

पहिला गाजलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, तेव्हा त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे आढळले. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. सरकारी कार्यक्रमांना तोवर गर्भवती आणि कुटुंबनियोजनाला पात्र एवढीच स्त्री दिसत होती. हा अभ्यास करायला महागडे यंत्र लागले नाही. लागला तो गावाचा विश्वास, स्त्री डॉक्टर आणि भाषा. ‘तुम्हाला योनिस्राव होतो का’ असे पुस्तकी मराठीत विचारले तर समोरची बाई गप्प बसते. ‘अंगावरून पांढरं जातं का’ असे विचारले की बोलू लागते. परभाषेतून आलेली प्रश्नावली नुसती भाषांतरित करून भागत नाही, हे ज्याला उपजत कळते असा संशोधक गावाच्या जवळच असावा लागतो. गडचिरोलीत तर मराठीच्या पलीकडे गोंडी आणि माडिया बोलणारी माणसेही आहेत.

नंतरचा टप्पा संशोधनाचे कौशल्य किती खाली उतरवता येते ते दाखवणारा आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटाला किती श्वास होतात ते मोजावे लागते. गावातल्या दाईला आकडे मोठे वाटत, म्हणून मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधन केले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपली की मणी पाहायचे. पुढे गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करत, तापमान पाहत, जंतुसंसर्ग ओळखून औषध आणि गरज पडली तर इंजेक्शनही देत, आणि प्रत्येक भेटीची नोंद करत. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ साली निकाल छापून आला: तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ साली केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बालसेवा हा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेला. त्या आरोग्यदूत स्त्रियांचे काम केवळ सेवेचे नव्हते. त्यांनी वजनकाट्यावर वाचलेला आणि कागदावर लिहिलेला आकडा हाच त्या शास्त्रीय निबंधाचा कच्चा माल होता. क्षमता वाढवण्याच्या बहुतेक योजना पीएचडीपासून सुरू होऊन पीएचडीपाशी संपतात. हा पहिला थर त्यांत मोजलाच जात नाही, आणि ही त्या योजनांची सर्वांत मोठी उणीव आहे.

वरच्या थरांसाठी जे मार्ग गेल्या काही दशकांत तयार झाले, त्यांतला सर्वांत जुना म्हणजे विद्यापीठातली पदवी. कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान आणि सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ सालची. तिरुअनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’ सुरू केले, आणि नंतर हा अभ्यासक्रम देशभर पसरला. ढाक्यात ब्रॅक विद्यापीठाने २००४ साली अशी शाळा काढली. वर्गात शिकवण्याची मर्यादा मात्र सगळीकडे सारखीच आढळते: सांख्यिकी सुटीसुटी शिकली की ती परीक्षेनंतर उडून जाते.

दुसरा मार्ग काम करता करता शिकण्याचा आहे. अमेरिकेत १९५१ साली सुरू झालेल्या साथरोग गुप्तवार्ता सेवेच्या धर्तीवर १९८० साली थायलंडने क्षेत्र साथरोगशास्त्र प्रशिक्षण सुरू केले. यात दोन वर्षांपैकी सुमारे पाव काळ वर्गात आणि बाकीचा प्रत्यक्ष साथीच्या मागावर जातो. भारतात चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१ पासून असा अभ्यासक्रम चालवला. अशा प्रशिक्षणाचे मोल नायजेरियात २०१४ साली दिसले. २० जुलैला लायबेरियाहून एक प्रवासी इबोला घेऊन लागोसच्या विमानतळावर उतरला. दाट वस्तीच्या त्या महानगरात काय अनर्थ झाला असता याची कल्पनाच केलेली बरी. पण देशात २००८ पासून असे प्रशिक्षण चालू होते आणि त्यातून तयार झालेली माणसे हाताशी होती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८९४ संपर्कातल्या व्यक्ती शोधल्या आणि त्यांच्या सुमारे १८,५०० भेटी घेतल्या. २० जणांना लागण झाली, ८ दगावले, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला.

तिसरा मार्ग आरोग्यसेवेत आधीच नोकरीला असलेल्यांसाठी आहे. क्षयरोगाच्या आंतरराष्ट्रीय युनियनने आणि सीमारहित डॉक्टरांच्या संघटनेने २००९ साली सुरू केलेली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘टीडीआर’ कार्यक्रमाने पसरवलेली ‘सॉर्ट-इट’ ही पद्धत यात नावाजली. तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा अधिकारी स्वतःच्या कार्यक्रमातला एक प्रश्न घेऊन येतो. पहिल्या सत्रात आराखडा, दुसऱ्यात माहितीची मांडणी आणि विश्लेषण, तिसऱ्यात निबंध. प्रत्येक टप्प्याला तारीख ठरलेली. ती चुकली की पुढच्या सत्रात प्रवेश नाही. हा नियम कठोर वाटतो, पण संशोधन अर्धवट राहण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे ‘पुढच्या महिन्यात लिहू’ हे आहे, आणि त्यावर याहून चांगला उपाय अजून कोणी दाखवलेला नाही.

पीएचडीच्या पातळीवर मोठी अडचण म्हणजे परदेशी गेलेला विद्यार्थी परत येत नाही. त्यावर स्वीडनने ‘सँडविच’ पद्धत राबवली: विद्यार्थी काही काळ स्वीडनमध्ये शिकतो, क्षेत्रकाम मायदेशी करतो आणि नोकरी मायदेशातलीच ठेवतो. युगांडाच्या मकरेरे विद्यापीठातले अनेक प्राध्यापक असे घडले. २००८ साली आफ्रिकी संस्थांनी स्वतःच पुढाकार घेऊन ‘कार्टा’ हा संघ बांधला. नैरोबीचे लोकसंख्या व आरोग्य संशोधन केंद्र आणि जोहान्सबर्गचे विटवॉटर्सरँड विद्यापीठ त्याचे नेतृत्व करतात. विद्यापीठांतले तरुण अध्यापक आपल्याच विद्यापीठात पीएचडी करतात, चार संयुक्त सत्रांसाठी एकत्र येतात, आणि पदवीनंतर संशोधन सुरू ठेवण्यासाठी त्यांना छोटे अनुदान मिळते. ते अनुदान फार मोलाचे आहे. परतलेल्या माणसाला आठवड्याला वीस तास शिकवणे आणि वर परीक्षेचे पेपर तपासणे एवढेच काम मिळाले, तर दोन वर्षांत त्याच्यातला संशोधक सुकतो.

इथून प्रश्न प्रशिक्षणाचा राहत नाही, पोटापाण्याचा होतो. भारतात पब्लिक हेल्थची पदवी घेतलेल्यांना बहुतेक वेळा प्रकल्पावरची नोकरी मिळते. ऑर्डर अकरा महिन्यांची, प्रकल्प तीन वर्षांचा. त्या तीन वर्षांत माणूस काम शिकतो आणि शिकून तयार झाला की निधी संपतो. मग तो दुसऱ्या विषयावरच्या दुसऱ्या प्रकल्पात नव्याने सुरुवात करतो किंवा क्षेत्रच सोडतो. संख्याशास्त्रज्ञाला औषध कंपनी जास्त पगार देते, माहिती सांभाळणाऱ्याला सॉफ्टवेअर कंपनी. क्षेत्रकार्यकर्त्याला यातले काहीच मिळत नाही; त्याचे गावांशी जोडलेले नाते मात्र कायमचे तुटते. सरकारी सेवेत स्वतंत्र शिडी असेल तर फरक पडतो. मद्रास प्रांताने १९३९ साली सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला, आणि तमिळनाडूत आजही उपचार करणाऱ्या खात्याहून वेगळे सार्वजनिक आरोग्य संचालनालय आहे. त्यात शिरलेल्या डॉक्टरला त्याच विषयात वरपर्यंत जाता येते. केंद्र सरकारने २०२२ साली इतर राज्यांसाठीही असा संवर्ग तयार करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

वैद्यकीय महाविद्यालयांतले चित्र वेगळे आहे. तिथे पगार आणि पद स्थिर असते, पण संशोधनाची सवय नसते. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही शोधनिबंध आला नाही, असे समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले. वर्षाला शंभराहून जास्त निबंध देणाऱ्या संस्था होत्या फक्त २५. बढतीसाठी निबंधांची संख्या मोजायला लागल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. त्यापेक्षा चांगले पाऊल म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आवश्यक केला गेला. तो चेन्नईचीच साथरोगशास्त्र संस्था चालवते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची दोन महिन्यांची शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे, आणि विशीतल्या मुलाला पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न विचारायला लावणारी याहून सोपी योजना क्वचितच असेल.

एकाच जागी टिकून राहिल्याने काय साधते ते पुण्याच्या केईएममध्ये दिसते. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. सरासरी २.७ किलोची भारतीय बाळे दिसायला हडकुळी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण युरोपीय बाळांपेक्षा तुलनेने जास्त असते, हे त्यातून कळले आणि मधुमेहाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांची साथ सुरुवातीपासून होती, पण प्रश्न पुण्याचा होता आणि तो पुण्यातच राहिला. तीस वर्षांनंतर त्या बाळांची बाळे अभ्यासात आली आहेत.

ढाक्याची कॉलरा प्रयोगशाळाही अशीच टिकली; १९७८ साली ती आंतरराष्ट्रीय संस्था झाली आणि तिचे आजचे नाव, आयसीडीडीआरबी, रूढ झाले. फिरदौसी कादरी लिव्हरपूलहून पीएचडी घेऊन परतल्या आणि १९८८ साली तिथे रुजू झाल्या. तोंडाने घ्यायच्या कॉलरा लसीवरच्या कामासाठी त्यांना २०२१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी संस्थेत तरुणपणी डॉक्टर म्हणून आलेले तहमीद अहमद कार्यकारी संचालक झाले. त्या पदावरचे ते पहिले बांगलादेशी. प्रयोगशाळा उघडल्याला तेव्हा ६१ वर्षे होत होती.